जुन्या फ्लॉप्यांतल्या फायली नॉर्टन कमांडरने कशा लावाव्यात

‘सगळ्या फ्लॉप्या एकाच डिरेक्टरीत कॉपी करा आणि मग तारखेप्रमाणे लावा.’ हा सल्ला देणाऱ्याने एक्सटीवर, म्हणजे आयबीएमच्या जुन्या पीसीवर, भरलेली फ्लॉपी कधी हातात धरलेली नसावी. एका डिरेक्टरीत, म्हणजे आजच्या भाषेत फोल्डरात, टाकलं की सारख्या नावाच्या फायली एकमेकींवर चढतात, आणि ज्या तारखांवर विसंबायचं त्यातल्या निम्म्या खोट्या असतात. तारखांचं पुढे बोलूच.

आधी प्रोग्राम. दोन पॅनेलांचाच घ्या. डॉस या जुन्या पीसींच्या कार्यप्रणालीवर चालणारा, फायली हाताळण्याचा जॉन सोचा यांचा नॉर्टन कमांडर १९८६ साली पीटर नॉर्टन यांच्या कंपनीने आणला, आणि या कामाला आजही त्याच्यासारखा दुसरा नाही: एका बाजूला फ्लॉपी, दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्क, कुठून कुठे चाललंय ते डोळ्यांसमोर. व्होल्कोव्ह कमांडर असेल तर तोही चालेल, कळा जवळपास त्याच आहेत. १९८५चा एक्सट्री मला आवडतो, पण एकाच डिस्कचा पसारा आवरायला. इकडून तिकडे न्यायचं काम त्यात जिकिरीचं होतं.

डॉसच्या नुसत्या कॉपी आज्ञेने हे करायला जाऊ नका. १९९३मध्ये डॉस ६.२ येईपर्यंत ही आज्ञा जुन्या फाइलवर नवी चढवताना विचारतसुद्धा नव्हती. आणि पोचवायच्या डिरेक्टरीचं नाव चुकलं, तर डॉस सगळ्या फायली एकापुढे एक जोडून त्या चुकीच्या नावाची एकच फाइल करून ठेवतो.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी ती लिहिण्यापासून बंद करा. सव्वापाच इंचीवर कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. साडेतीन इंचीवर उलटं: कोपऱ्यातली खिडकी उघडी असेल तर ती सुरक्षित. हे उलटसुलट अनेकांच्या लक्षात राहत नाही. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही; त्यात तिच्यावर लिहिलं मात्र, तर पुढे मूळ ड्राइव्हला ती वाचता येईलच असं नाही. यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची घेतात, सव्वापाचसाठी जुनं मशीनच शोधावं लागतं. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यांतून गेलेल्या फ्लॉप्यांवर, विशेषतः मुंबई-कोकणातल्या, पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी समजा. अशी फ्लॉपी आधी साफ करा. नाहीतर ती घाण ड्राइव्हच्या हेडला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडून निघते.

आता कॉपी. हार्ड डिस्कवर प्रत्येक फ्लॉपीसाठी एफ७ने स्वतंत्र डिरेक्टरी करा, फ्लॉपीच्या लेबलवर जो क्रमांक घातला असेल तोच नावात. ऑल्ट-एफ१ने डाव्या पॅनेलला फ्लॉपी, उजवीकडे ती डिरेक्टरी. उजवीकडच्या राखाडी अधिकच्या कळेने सगळ्या निवडा (लॅपटॉपवर ती कळ नसते, तिथे इन्सर्टने एकेक), मग एफ५. पुढची फ्लॉपी.

खरी कटकट यानंतर. लेखाचा एकच मसुदा चार फ्लॉप्यांवर, चारही ठिकाणी नाव तेच, कारण आठ अक्षरांत माणूस नाव तरी किती वेगवेगळं ठेवणार? यातला शेवटचा कुठला?

कमांडरच्या मेनूत दोन डिरेक्टरींची तुलना करण्याची सोय आहे. ती दुसरीकडे नसलेल्या आणि दोन्हीकडे असलेल्यांपैकी नव्या तारखेच्या फायली निवडून देते. इथेच लोक फसतात. मूळ पीसी आणि एक्सटीत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. ते १९८४च्या एटी या पुढच्या मॉडेलपासून आलं. एक्सटी सुरू केला की डॉस तारीख विचारायचा आणि माणूस एंटर मारून मोकळा व्हायचा. मग मशीनच्या लेखी तो दिवस १ जानेवारी १९८०, वेळ रात्रीचे बारा. पॅनेलमध्ये १-०१-८० ही तारीख आणि १२:३७ ही वेळ दिसली तर त्याचा अर्थ एवढाच, की मशीन चालू केल्यावर सदतीस मिनिटांनी फाइल साठवली. कुठल्या वर्षी, ते देव जाणे. अशी फाइल एटीवर साठवलेल्या जुन्या मसुद्यापुढे कायम ‘जुनी’ ठरते आणि तुलनेच्या भरवशावर राहिलात तर तीच पुसली जाते. यादीत १९८०ची एक जरी तारीख दिसली, तरी तुलनेची सोय त्या गठ्ठ्यापुरती विसरून जा.

आकारावरही जाऊ नका. जुना वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम फाइल १२८ बाइटच्या पटीत भरून काढतो, त्यामुळे चार शब्द बदललेल्या दोन फायलींचा आकार अगदी सारखा असू शकतो.

माझा भरवसा आहे तो बीएके फायलींवर, ज्या लोक कचरा म्हणून आधी उडवतात. वर्डस्टारमध्ये फाइल साठवली की आधीची प्रत त्याच नावाची, पण टिंबापुढे बीएके लावून मागे राहते. म्हणजे तिसऱ्या फ्लॉपीवरची बीएके दुसऱ्या फ्लॉपीवरच्या मूळ फाइलशी तंतोतंत जुळली, तर तिसरी नंतरची, तारीख काहीही म्हणो. जुळणी डोळ्यांनी करू नका. पॅनेलांखालच्या ओळीत एफसी ही दोन फायली ताडून पाहणारी डॉसची आज्ञा टाका, पुढे दोन्ही फायलींचे मार्ग आणि शेवटी तिरकी रेघ देऊन बी; फाइलचं नाव कंट्रोल-एंटरने खाली उतरवता येतं. उत्तर कंट्रोल-ओ दाबून पॅनेल लपवल्यावर वाचता येतं. ‘नो डिफरन्सेस’ आलं की क्रम पक्का. नाही जुळलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, मधे दोनदा साठवलं असेल. मग एफ३ने दोन्ही उघडून मजकूर वाचायचा. याला दुसरी वाट नाही आणि यात वेळ जातो.

क्रम ठरला की शेवटची फाइल एफ५ने नव्या डिरेक्टरीत न्या. एफ६ नको, त्याने मूळ जागची फाइल हलते. आधीच अस्तित्वात असल्याचा प्रश्न समोर आला तर ‘ऑल’ला हात लावू नका, एकेक ठरवा. आज्ञेच्या ओळीवरून पुसताना तारा (*, म्हणजे ‘इथे कुठलीही अक्षरं’) वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा: डॉस ताऱ्यापासून टिंबापर्यंतची अक्षरं बघतच नाही. ताऱ्यापुढे ‘जुनं’ लिहून फक्त तशी नावं उडतील असं वाटतं, पण त्या प्रकारच्या सगळ्याच जातात.

एफ३मध्ये मराठी मजकुराच्या जागी चौकटींच्या रेघा आणि अगम्य चिन्हं दिसली तर फाइल बिघडली असं समजू नका. सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय लिप्या दाखवणाऱ्या कार्डावर टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात साठवलेला असतो आणि कार्डाशिवाय तो असाच दिसतो. युनिकोडमध्ये बदलायचा तो वेगळ्या प्रतीवर. मूळ फाइल एफ४ने उघडून ‘दुरुस्त’ करू नका.