खाणीच्या गावाचा इतिहास लिहायचाय? आधी दगड कुठला ते बघा

दगडाच्या खाणीभोवती वसलेलं छोटं गाव, निम्म्या घरांतून कुणी ना कुणी खाणीवर गेलेलं, आणि आता खाण बंद किंवा बंद व्हायला आलेली. अशा गावाचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. गाव कुणी वसवलं, पहिला मालक कोण, कुठल्या साली काय झालं इथून सुरुवात करतात आणि तिसऱ्या पानावर गाडी ठप्प, कारण तेवढे कागदच नसतात. म्हणून उलटीकडून या. खाणीचा खड्डा हाच तुमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा कागद आहे, तो वाचायला शिका, मग माणसांकडे जा.

तर पहिलं काम, दगड कुठला ते नीट समजून घ्या. हे काय भूगोलाच्या पुस्तकासारखं, असं वाटेल पण गावाचं निम्मं नशीब तिथे ठरलेलं असतं. स्लेट पापुद्र्यांत सुटते, त्यामुळे तिथे ताकदीपेक्षा हाताच्या अंदाजाला मान. ग्रॅनाइटला ओळीने भोकं पाडायची, प्रत्येक भोकात दोन पत्र्या आणि मधे पाचर बसवायची आणि एकेक पाचर थोडी थोडी ठोकत जायची, मग दगड सरळ रेषेत फुटतो. संगमरवर काढण्याइतकाच खाली उतरवणं कठीण. इटलीत काराराला ते मोठमोठे ठोकळे लाकडी गाड्यावर बांधून, दोरांनी आवरत डोंगरउतारावरून घसरवत आणायचे, त्याला लिझातुरा म्हणतात, आणि ते करणाऱ्यांच्या वेगळ्या टोळ्याच असायच्या. म्हणजे तिथे इतिहास लिहिणाऱ्याला खाणीइतकंच त्या उतारांकडे बघावं लागणार.

आजारपण पण दगडावर ठरतं. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर, त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस. संगमरवर, चुनखडी यांत ते अगदी कमी. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बॅरी नावाचं ग्रॅनाइटचं गाव आहे, तिथे काराराकडून संगमरवरात मुरलेले कितीतरी कारागीर येऊन राहिले. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं आली, काम पटापट व्हायला लागलं पण धूळही कितीतरी बारीक आणि जास्त, त्यात थंडीत शेडची दारं बंद. धूळ ओढून घेणारी यंत्रं सगळीकडे बसेपर्यंत १९३० चं दशक संपत आलं होतं, तोवर एक अख्खी पिढी खोकत गेली. तेव्हा तुमच्या गावात मृत्यूच्या नोंदवहीत चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांपुढे सारखा टीबी किंवा दमा दिसत असेल तर तिथे थांबा. सिलिकोसिसला टीबी समजलं जाणं खूप ठिकाणी झालंय, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्तच असतो, त्यामुळे दोन्ही खरं असू शकतं. तुम्ही डॉक्टर नाही, निदान करू नका, फक्त वय, काम आणि लिहिलेलं कारण शेजारी शेजारी मांडा. बाकीचं वाचणाऱ्याला दिसतं.

आता खड्डा. आधीच सांगतो, बंद खाणीत उतरायचं नाही. कडा सुटलेल्या असतात, पाणी दिसतं त्यापेक्षा खोल आणि गार असतं, आणि न उडालेला सुरुंग कुठे राहिला असेल सांगता येत नाही. जाणत्या माणसाला घेऊन जा, परवानगी काढा आणि लांबून फोटो काढा, कॅमेऱ्याला झूम त्यासाठीच आहे. भिंतीवर काय बघायचं? तोकड्या भोकांची जवळजवळ ओळ दिसली तर तिथे पाचरीचं काम झालंय. अर्ध्या नळीसारखी लांब खोबण दिसली तर ड्रिल मारून सुरुंग लावलाय. भिंत सुरीने पनीर कापल्यासारखी गुळगुळीत असेल तर वायर सॉ, म्हणजे तारेची करवत. डायनामाइटचं पेटंट १८६७ चं आहे, त्याआधी बंदुकीची काळी दारू ठासायचे, आणि घडीव दगड हवा असेल तिथे पुढेही काळी दारूच वापरत राहिले कारण ती दगड ढकलते, चुरा करत नाही. तेव्हा नुसत्या खुणांवरून साल ठोकून देऊ नका, अलीकडचं-पलीकडचं एवढंच कळतं. टाकाऊ दगडाचे ढीग विसरू नका, बऱ्याचदा त्या ढिगातूनच गावातली घरं, कुंपणं, पायऱ्या झालेल्या असतात, म्हणजे गाव स्वतःच खाणीच्या उरल्यासुरल्यातून उभं राहिलंय.

वरून बघायचं असेल तर सॅटेलाइट फोटो. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची चित्रं एकापाठोपाठ दिसतात, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची त्याच्या आधीची, १९७२ पासूनची मिळतात, आणि अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले. लँडसॅटमध्ये छोटी खाण म्हणजे नुसता ठिपका, कोरोनात मात्र कधीकधी रस्ते-घरंसुद्धा ओळखू येतात. हे प्रिंट काढून म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवा. बोटं आपोआप फिरायला लागतात, इथे क्रशर होता, इथे आमची टोळी, इथे तो कडा कोसळला.

यावरून मुख्य गोष्टीवर येतो, मुलाखती. माझं ठाम मत आहे की माणसाला त्याच्याबद्दल विचारू नका, दगडाबद्दल विचारा. ‘तुमचं आयुष्य कसं होतं’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, कष्टात गेलं बाबा. झालं, पुढे काय विचारणार. त्याऐवजी एक जुनी पाचर किंवा छिन्नी हातात द्या आणि म्हणा, मला शिकवा. हा दगड कुठल्या अंगाने फुटेल हे कसं ओळखायचं? ठोकल्यावर आवाज कसा येतो? हत्यार बोथट झालं की धार लावायला कोणाकडे न्यायचं, त्याचे पैसे कोण भरायचं? हत्याराचे पैसे कामगाराच्या खिशातून जायचे की मालकाच्या, या एका प्रश्नावर मी दीड तास ऐकलंय. (त्यातला पहिला अर्धा तास रेकॉर्डर बंद होता, माझीच चूक, लाल दिवा बघून घ्यायची सवय लावा.)

मग मोजमाप आणि पगार. रोजावर की टनावर की फुटावर? कोण मोजायचं? कमी मोजलं तर बोलायची सोय होती का? वेल्समधल्या स्लेटच्या खाणींत बार्गेन नावाची पद्धत होती, टोळीला साधारण सहा यार्ड रुंदीची भिंत मिळायची आणि दर महिन्याला मुकादमाशी घासाघीस करून दर ठरायचा. दगड चांगला लागला तर ठीक, खराब लागला तर नशीब. मुकादमाची मर्जी किती महत्त्वाची हे यावरूनच समजा. तिथल्या पेनरिन खाणीत युनियनची वर्गणी खाणीत गोळा करायला बंदी आली, काम ठेकेदारांना द्यायला सुरुवात झाली, आणि नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २८०० माणसं बाहेर पडली ती नोव्हेंबर १९०३ पर्यंत झगडा चालला. काही जण मधेच कामावर परतले. तेव्हा संपावर असलेल्या घरांनी खिडकीत पाट्या लावल्या, ‘या घरात गद्दार नाही’. आता विचार करा, ज्या घराच्या खिडकीत पाटी नव्हती त्याचं गावात काय झालं असेल आणि किती वर्षं.

तुमच्या गावातही असं काहीतरी असणारच. संप, अपघात, जमिनीचा वाद. दोन्ही बाजूंकडे वेगवेगळं जा, एकाच बैठकीत बोलावू नका, आणि लिहिताना दोन्ही सांगणी जशीच्या तशी शेजारी ठेवा, तडजोड करून मधलं काहीतरी लिहाल तर दोघंही म्हणतील हे आमचं नाही. नुकसानभरपाईची केस चालू असेल, आजाराचं काही असेल तर नाव घालू नका, आणि छापायच्या आधी ज्याचं त्याला वाचून दाखवा. वाचून दाखवा म्हणजे खरंच मोठ्याने, सही घेऊन निघून येऊ नका.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, सुरुंगाने आणि ड्रिलने यांचे कान गेलेले असतात. समोर बसा, ओठ दिसू द्या, ओरडू नका, सावकाश बोला. हातही बघा. १९१८ मध्ये कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्डला चुनखडी घडवणाऱ्या कारागिरांची तपासणी केली होती, हवेच्या हत्यारांच्या थरथरीने बोटं पांढरी आणि बधिर पडायची. तेव्हा ‘थंडीत बोटं मरतात का’ हा साधा प्रश्न विचारून बघा, बहुतेकांना हे कुणी विचारलेलंच नसतं.

शब्द जमवा, त्यासाठी वेगळी वही ठेवा. वेल्समध्ये स्लेटच्या मापांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावं होती. इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावर खाणकामगार ‘ससा’ हा शब्द उच्चारत नसत, सशांच्या बिळांमुळे दरड कोसळते म्हणून, त्याऐवजी ‘जमिनीखालचं मटण’ म्हणायचे. तुमच्याकडे खाणीच्या प्रत्येक कोपऱ्याला नाव असेल, ते कुठल्याच नकाशावर नसतं आणि ते जाणणारी माणसं आता मोजकी.

बायकांशी वेगळं बोला, नवरा खोलीत असला की तोच उत्तरं देतो, हा अनुभव कुणालाही विचारा. खडी कोणी फोडली, पाणी कुठून आणलं, तो गेल्यावर घर कसं चाललं, उधारी कोण द्यायचं. आणि गाव सोडून गेलेल्यांना फोन करा. शाळेच्या प्रवेश रजिस्टरमध्ये वर्षाच्या मधेच एकदम दहा-बारा नावं कमी झालेली दिसली तर समजा त्या महिन्यात खाणीवर काहीतरी झालं होतं, बापांचा धंदा लिहिलेला असतो तो रकानाही बघा. टोळ्या बऱ्याचदा एकाच मुलखातून आलेल्या असतात, त्यामुळे गावाचा अर्धा इतिहास दुसऱ्याच गावात बसलेला असतो.

टेक्निकल थोडक्यात. फोन फ्लाइट मोडवर टाका, जमलं तर डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख आणि जागा बोलून घ्या. जुने फोटो किमान ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूही, आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत द्या, नाहीतर पुढच्या घरी कुणी देणार नाही. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक गावाबाहेर.

पुस्तकाची घाई नको. आधी एक दिवस मोकळ्या हॉलमध्ये फोटो आणि खाणीचा मोठा नकाशा भिंतीला लावा, कोपऱ्यांची नावं मुद्दाम कोरी सोडा, फोटोंखाली पांढऱ्या पट्ट्या चिकटवा आणि दोरीला पेन्सिली बांधून ठेवा. पेन नको, कारण लोक एकमेकांनी लिहिलेलं खोडणार, त्यावर वाद घालणार, आणि खोडलेलं खालचं नावही तुम्हाला वाचता आलं पाहिजे. संध्याकाळी सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढा, मगच भिंत उतरवा.