‘हार्ड’ म्हणजे नक्की काय? वाक्यात दिसला की अर्थ कसा पकडायचा

भाषांतराची कामं घ्यायला लागलो तेव्हाची गोष्ट. गाडीबरोबर जे माहितीपुस्तक येतं तसलं एक पुस्तक मराठीत करायचं होतं, त्यात एक ओळ होती की गाडी बंद पडली तर ती ‘हार्ड शोल्डर’वर घ्या. मी डोळे झाकून लिहिलं, ‘गाडी कठीण खांद्यावर घ्या’. तपासणाऱ्या बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून शेजारी फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘कोणाच्या?’

तर हा लेख त्या लाल रेघेमुळे. हार्ड हा इंग्रजीतला पहिली-दुसरीतला शब्द, सगळ्यांना येतो, म्हणून कोणी डिक्शनरी उघडत नाही आणि तिथेच फसतो. अवघड शब्दाला आपण थांबतो, सोप्याला थांबत नाही. खाली मी जसा विचार करतो तसा क्रम दिलाय, दोनचार वेळा केलात की सवयीचा होतो.

१. आधी ‘कठीण’ हा शब्द डोक्यातून काढा

शाळेत हार्ड म्हणजे कठीण असं पाठ केलेलं असतं त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण मराठीत आपल्याकडे या एका शब्दाचं काम करायला टणक, कडक, घट्ट, अवघड, कठोर, खडतर, पक्का, ठोस असे कितीतरी शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दगड टणक असतो, गणित अवघड असतं, शिक्षा कठोर असते, प्रवास खडतर असतो, पुरावा ठोस असतो. इंग्रजी माणूस या पाचही ठिकाणी बिनधास्त हार्ड म्हणून मोकळा होतो, निवडायचं काम आपल्यावर येतं. (आपणही काही कमी नाही म्हणा. कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री, आणि काही आवडलं की नुसतंच ‘कडक!’. हे परक्या माणसाला समजावून सांगायला बसा एकदा.)

२. विचारा, इथे याच्या उलट काय?

सगळ्यात कामाची युक्ती हीच आहे, बाकी लेख विसरलात तरी चालेल. हार्डचा अर्थ हार्डमध्ये शोधू नका, त्या जागी त्याच्या विरुद्ध कुठला शब्द बसला असता ते बघा. हार्ड क्वेश्चनच्या उलट ईझी क्वेश्चन, म्हणजे इथे अवघड. हार्ड पिलोच्या उलट सॉफ्ट पिलो, म्हणजे टणक. हार्ड विंटरच्या उलट माइल्ड विंटर, म्हणजे कडाक्याचा. हार्ड एव्हिडन्सच्या उलट ऐकीव माहिती किंवा अंदाज, म्हणजे ठोस. हार्ड लेफ्टच्या उलट स्लाइट लेफ्ट, म्हणजे नकाशावाली बाई हार्ड लेफ्ट म्हणाली तर एकदम काटकोनात किंवा त्याहून जास्त वळायचंय, वळण अवघड आहे असं ती म्हणत नाहीये.

हार्ड कॉपीच्या उलट सॉफ्ट कॉपी हे तर रोजचं, पण हार्ड डिस्कच्या उलट काय हे नव्या मुलांना सांगता येत नाही कारण उलट असलेली वस्तूच गेली. ती फ्लॉपी डिस्क. फ्लॉपीच्या आत पातळ लवचिक प्लास्टिकची चकती असायची आणि हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियमची किंवा काचेची ताठ तबकडी, एवढाच त्या नावाचा अर्थ. गंमत म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी कडक प्लास्टिकच्या डबीत यायची म्हणून बरेच जण तिलाच हार्ड डिस्क म्हणायचे, पण नाव आतल्या चकतीवरून पडलेलं, डबीवरून नाही.

आणि तो खांदा? रस्त्याच्या कडेची, मुख्य वाहतुकीबाहेरची पट्टी म्हणजे शोल्डर. ती पक्की बांधलेली असली तर हार्ड, नुसती माती-खडीची असली तर सॉफ्ट शोल्डर, तिथे चाक रुतू शकतं. ब्रिटनमध्ये हार्ड शोल्डर म्हणतात, अमेरिकेत बहुतेक वेळा नुसतं शोल्डर. ‘रस्त्याकडेची पक्की पट्टी’ लिहिलं असतं तर लाल रेघ वाचली असती.

३. विषय कुठला चाललाय ते बघा

विरुद्ध शब्द सापडला तरी काही क्षेत्रांत हार्डला स्वतःचा वेगळाच ठरलेला अर्थ असतो, तिथे आपला तर्क चालत नाही, तिथली पारिभाषिक संज्ञाच माहीत पाहिजे.

पाण्याचंच घ्या. हार्ड वॉटर म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत असं पाणी, साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरा थर बसतो. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) असेल तर ते सॉफ्ट, १८० च्या वर गेलं की व्हेरी हार्ड, अशी एक वापरातली वर्गवारी आहे. बायकार्बोनेटमुळे आलेला हार्डनेस उकळल्यावर जातो, सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला जात नाही. आता याला मराठीत काय म्हणायचं? बोलताना लोक ‘जड पाणी’ म्हणतात, पण विज्ञानात जड पाणी म्हणजे हेवी वॉटर, अणुभट्टीत वापरतात ते, त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो. दोन्ही एकाच लेखात आली तर गोंधळ नक्की. पाठ्यपुस्तकातला शब्द आहे दुष्फेन, म्हणजे ज्याला फेस मुश्किलीने येतो ते, आणि सॉफ्टला सुफेन. मला हा शब्द फार आवडतो कारण ज्याने कोणी केला त्याने हार्डचं भाषांतर केलंच नाही, पाणी काय करतं ते बघून नाव ठेवलं. बोलायला जरा जड आहे हे मान्य.

लाकडाचं त्याहून मजेदार. हार्डवुड आणि सॉफ्टवुड हे लाकूड किती टणक यावर ठरत नाही, झाड कुठल्या गटातलं यावर ठरतं. फुलझाडांच्या गटातलं, म्हणजे ज्यांच्या बिया फळात असतात त्या झाडाचं लाकूड हार्डवुड, आणि पाइन-देवदारासारख्या सूचीपर्णी गटातलं सॉफ्टवुड. त्यामुळे विमानांची मॉडेल्स बनवायला वापरतात ते नखानेही दाबलं जाणारं बाल्सा हे नियमाने हार्डवुड आणि यू नावाच्या झाडाचं चांगलं टणक लाकूड सॉफ्टवुड. इथे ‘टणक लाकूड’ लिहिलंत तर बाल्साच्या बाबतीत सरळ खोटं होतं.

खनिजांमध्ये हार्ड म्हणजे ओरखडा न पडणारा. १८१२ मध्ये फ्रीडरिक मोस यांनी केलेल्या मापनात टाल्क १ वर आणि हिरा १० वर आहे. म्हणून हिरा फुटत नाही असं नाही, हातोडीच्या घावाने फुटतो, ओरखडा न पडणं आणि न फुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

टेनिसमध्ये हार्ड कोर्ट म्हणजे काँक्रीट किंवा डांबराच्या पायावर ॲक्रिलिकचा थर दिलेलं मैदान, ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ पासून आणि यूएस ओपन १९७८ पासून असल्या कोर्टवर होतात. पैशात हार्ड करन्सी म्हणजे डॉलर, युरो, स्विस फ्रँक यांसारखं कुठेही भरवशाने स्वीकारलं जाणारं चलन, आणि हार्ड कॅश म्हणजे नुसती रोकड. कायद्यात हार्ड लेबरला आपला तयार शब्द आहे सक्तमजुरी, उगाच ‘कठीण परिश्रम’ करत बसू नका.

आता ज्यात भलेभले अडकतात ते सांगतो. उच्चाराच्या बाबतीत इंग्रजीत हार्ड जी म्हणजे ‘गन’मधला ग आणि सॉफ्ट जी म्हणजे ‘जेम’मधला ज, तसंच ‘कॅट’चा सी हार्ड आणि ‘सिटी’चा सॉफ्ट. इथे ‘कठोर ग’ असं भाषांतर केलं की मराठी व्याकरण शिकलेला माणूस तुम्हाला धरतो, कारण आपल्याकडे कठोर व्यंजनं म्हणजे क, ख, च, छ, ट, ठ, त, थ, प, फ वगैरे, आणि ग हा मृदू व्यंजनांत येतो! म्हणजे त्यांचा हार्ड तो आपला मृदू. शब्दाला शब्द लावून अर्थ बरोब्बर उलटा झाल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. सरळ ‘ग उच्चाराचा जी’ असं लिहायचं आणि पुढे जायचं.

४. हार्ड नामाला चिकटलाय की आतल्या कामाला?

हार्ड चेअर म्हणजे खुर्ची टणक. पण हार्ड वर्कर म्हणजे माणूस टणक नाही, तो काम जोरात करतो. हार्ड ड्रिंकर म्हणजे भरपूर पिणारा, आणि हार्ड ड्रिंक म्हणजे मद्य. हे ओळखायला नामाच्या पोटात क्रियापद लपलंय का बघा, वर्करमध्ये वर्क आहे, ड्रिंकरमध्ये ड्रिंक. असेल तर हार्ड त्या क्रियेचा जोर सांगतो.

क्रियापदाबरोबर उघडा आला तरी तेच, फक्त मराठीत दरवेळी वेगळा शब्द लागतो. रेनिंग हार्ड म्हणजे धो धो, ब्रीदिंग हार्ड म्हणजे धापा टाकत, थिंक हार्ड म्हणजे डोकं खाजवून, हिट हार्ड म्हणजे सणसणीत.

आणि ‘हार्ड टू’ आलं की जरा थांबा. ‘ही इज हार्ड टू अंडरस्टँड’ म्हणजे त्याचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. त्याला कळत नाही असं म्हणायचं असेल तर ‘इट इज हार्ड फॉर हिम टू अंडरस्टँड’. मधल्या दोन शब्दांनी मठ्ठ कोण ते बदलतं.

५. ‘हार्डली’पासून लांब राहा

पहिल्या नोकरीच्या अर्जात मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, ‘आय वर्क हार्डली’. म्हणजे मी जेमतेमच काम करतो. अर्जाला उत्तर आलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आता वाटत नाही.

क्विकला ली लावून क्विकली होतं म्हणून हार्डचं हार्डली होईल असं वाटतं, पण हार्ड हा शब्दच नामाबरोबर आणि क्रियापदाबरोबर, दोन्हीकडे जसाच्या तसा चालतो, आणि हार्डली म्हणजे जेमतेम, क्वचित, नाहीच जवळजवळ. मजा म्हणजे मराठी बोलताना आपण हा शब्द अगदी बरोबर वापरतो, ‘हार्डली पाच मिनिटं लागतील’, ‘हार्डली दहा माणसं होती’. लिहिताना तेवढं आठवायचं. हार्डलीत नकार आधीच आहे, त्यामुळे सोबत आणखी नॉट जोडू नका. आणि हो, हार्ड वर्कच्या आधी ‘अ’ लावायचा नाही, ‘इट वॉज अ हार्ड वर्क’ ही आपली लाडकी चूक आहे.

६. ठरलेले वाक्प्रचार अख्खे उचला

काही ठिकाणी फोड करूच नये, पूर्ण तुकड्याला आपला पूर्ण तुकडा द्यावा. हार्ड अप म्हणजे हात तंग असणं. हार्ड ऑफ हिअरिंग म्हणजे ऐकू कमी येणं. नो हार्ड फीलिंग्ज म्हणजे मनात काही ठेवू नका. प्लेइंग हार्ड टू गेट म्हणजे भाव खाणं, याहून अचूक काही असूच शकत नाही. हार्ड सेल म्हणजे मागे लागून गळ्यात मारणं. लर्न द हार्ड वे म्हणजे ठेच लागून शिकणं. हार्ड हेडेड मात्र फसवा आहे, हट्टी वाटतो पण बहुतेक वेळा अर्थ असतो भावनेत न वाहणारा, व्यवहारी.

हार्ड अँड फास्टमध्ये वेगाचा काही संबंध नाही. तो खलाशांचा शब्द, जहाज जमिनीत घट्ट रुतून बसलं की ते हार्ड अँड फास्ट, फास्ट म्हणजे इथे पक्कं बसलेलं, फासन (fasten, घट्ट बांधणं) या क्रियापदातला. म्हणून ‘नो हार्ड अँड फास्ट रूल’ म्हणजे असा काही दगडावरच्या रेघेसारखा नियम नाही.

७. आता करून बघा

‘ही हॅज बीन वर्किंग हार्ड, बट ही इज हार्ड अप अँड हार्ड ऑफ हिअरिंग, सो डोन्ट बी टू हार्ड ऑन हिम.’

चार हार्ड आहेत. पहिला क्रियापदाला चिकटलाय, म्हणजे जोर. दुसरा-तिसरा अख्खे वाक्प्रचार. चौथ्याच्या उलट काय असतं? जेंटल, सांभाळून घेणारा. मग मी असं लिहीन: ‘बिचारा राब राब राबतोय, पण हात तंग आहे आणि ऐकूही कमी येतं, तेव्हा त्याला फार धारेवर धरू नका.’