गावाच्या वाहतुकीचा प्राधान्यक्रम ग्रामसभेत कसा ठरवावा

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात रस्ता आणि एसटी यांचा विषय बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो, म्हणून त्याची तयारी ग्रामसभेच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी. आठवडाभर एसटीच्या थांब्यावर वही घेऊन बसावे आणि कोण, कुठे, किती वाजता निघाले व गाडी न मिळाल्यास त्याने काय केले, हे टिपावे. सकाळच्या शाळेची मुलगी, बाजारला टोपली घेऊन निघालेली बाई आणि दवाखान्यात जाणारा म्हातारा यांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि ग्रामसभेत मोठ्याने बोलणारे बहुधा मोटारसायकलवाले असतात. म्हणूनच त्याआधीची महिला सभा केवळ सह्यांपुरती उरकू नये.

यानंतर मागण्यांची विभागणी करावी, कारण खरी गल्लत इथेच होते. पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या 2021-26 या काळातील निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधील होती. डांबरीकरणासारखा मोठा खर्च उरलेल्या रकमेत बसणे कठीणच. ग्रामीण मार्गाची मागणी जिल्हा परिषदेकडे, तर फेरीची वेळ बदलण्याची मागणी आगार व्यवस्थापकाकडे स्वतंत्र ठरावाने, वहीतील नोंदी जोडून पाठवावी. पाणंद, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, अडवलेली असल्यास तिच्यासाठी मुरूम मागण्यापूर्वी गाव नकाशाची प्रत मिळवून तहसीलदारांकडे अर्ज करावा. ठरावात ‘रस्ता दुरुस्त व्हावा’ असे मोघम न लिहिता ‘ओढ्यावरील मोरी आधी, खडीकरण नंतर’ असा क्रम लिहावा आणि इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी.