आरोग्य संशोधनातला आलेख: काढण्यापूर्वी काय तपासावे

दोन गटांची सरासरी दाखवायला स्तंभालेख काढण्याची सवय आधी मोडा. सरासरी सारखीच, पण एका गटात दोन टोकांचे रुग्ण आणि दुसऱ्यात सगळे मधोमध, हा फरक स्तंभ गिळून टाकतो. गटात वीसेक रुग्ण असतील तर प्रत्येकाचा ठिपका दाखवा. संख्या मोठी असेल तर बॉक्स प्लॉट (मध्यक आणि मधले निम्मे रुग्ण दाखवणारी पेटी). उपचारापूर्वी आणि नंतर त्याच रुग्णांची मोजणी असेल, तर प्रत्येकाचे दोन ठिपके रेषेने जोडा.

सर्वाधिक घोळ एरर बारचा, म्हणजे सरासरीच्या वर-खाली काढलेल्या रेघेचा. ती प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतला फरक) दाखवते, प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) की ९५ टक्के विश्वासांतर (खऱ्या सरासरीचा अंदाजित पट्टा), हे आलेखाखाली लिहाच. २५ रुग्णांच्या गटात प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या एक पंचमांश असते. म्हणून ती वापरली की विदा (डेटा) उगाचच नीटस दिसते (काहींना तेच हवे असते!).

स्तंभ काढलाच तर अक्ष शून्यापासून. ऑड्स रेशोसाठी (दोन गटांतल्या शक्यतांचे गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) मात्र लॉग अक्ष (समान अंतर म्हणजे समान पट) घ्या, म्हणजे ०.५ आणि २ हे १ पासून समान अंतरावर येतात. कॅप्लान-मायर वक्राखाली (काळानुसार किती रुग्ण जिवंत किंवा घटनेविना उरले ते दाखवणारा पायऱ्यांचा आलेख) त्या-त्या वेळी निरीक्षणाखाली उरलेल्या रुग्णांची संख्या द्या. शेवटच्या पायऱ्या बहुधा मूठभर रुग्णांवर उभ्या असतात. लाल-हिरव्या रंगांची जोडी टाळा, कारण रंगांध वाचकांना ती वेगळी ओळखणे अवघड जाते.