लाल-पांढऱ्या यीस्ट वसाहती: जनुक उघडं की मिटलेलं?

मूळ जागचं एडीई२ जनुक (डीएनएचा घटक असलेलं अ‍ॅडेनिन बनवायला लागणारं; ते बंद असलं की पेशीत लाल रंग साठतो) काढून ते टेलोमिअरजवळ, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाजवळ, बसवलेला यीस्टचा वाण घ्या. लिटरमागे १० मिलिग्रॅम अ‍ॅडेनिन असलेल्या माध्यमावर प्लेटला साधारण २०० पेशी पसरा. दाटी झाली की वसाहती बारक्या राहतात, रंग कळत नाही. ३० अंशांवर ३ दिवस, मग काही दिवस फ्रिजमध्ये, म्हणजे लाल गडद होतो. लाल तिथे जनुक मिटलेलं (बंद), पांढरं तिथे उघडं (चालू).

विदर्भात गावाकडच्या कॉलेजात मे महिन्यात साधा इन्क्युबेटर कुचकामी: तो खोलीपेक्षा थंड होतच नाही. कूलिंगवालाच हवा.

पांढरी वसाहत पुन्हा रेघा ओढून वाढवा. त्यातून लाल निघाल्या तर बदल उत्परिवर्तनाचा नाही, पेशींनी पुढे नेलेल्या अवस्थेचा. माध्यमात ५ मिलिमोलर निकोटिनामाइड घातलं तर ते सर२ला (जनुक मिटवून ठेवणाऱ्या प्रथिनाला) रोखतं, लाली जाते. ग्लिसरॉलवर न वाढणाऱ्या पांढऱ्या मात्र मोजू नका. त्यांची मायटोकॉन्ड्रियाच (पेशीची ऊर्जा बनवणारे भाग) बिघडलेली, म्हणून जनुक मिटलेलं असलं तरी लाल रंग येत नाही.