रिटेनरचे तास क्लायंटला दाखवताना

कळंगुटच्या हॉटेलची वेबसाइट महिना २० तासांच्या रिटेनरवर (दरमहा ठरलेल्या तासांच्या करारावर) सांभाळता, तर तासांचा हिशेब बिलाबरोबर नको, दर सोमवारी द्या. महिनाअखेरीस कळलेले जादा तास कुणालाच पटत नाहीत.

गूगल शीटमध्ये प्रत्येक क्लायंटची वेगळी फाइल करा आणि फक्त 'व्ह्यूअर' म्हणून शेअर करा. एकाच फाइलमध्ये बाकीच्यांचे टॅब लपवून भागत नाही. फाइलची कॉपी काढली की लपवलेले टॅब उघडता येतात. टॉगल किंवा क्लॉकिफाय ही तास नोंदवायची ॲप वापरत असाल तर रिपोर्टची लिंक द्या, पण आधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो (लॉगिन नसलेल्या) खिडकीत उघडून बघा. तासाचा दर दिसतोय का, दुसऱ्या क्लायंटचं नाव डोकावतंय का?

नोंद अशी असावी: '१२ नोव्हेंबर, रूमच्या पानावरचे ६ फोटो बदलले, मोबाइलवर तपासले, १.२५ तास'. नुसतं 'वेबसाइटचं काम' लिहिलंत की फोन आलाच. आणि १.२५ म्हणजे सव्वा तास, १ तास २५ मिनिटं नव्हे, हे वरच लिहून ठेवा.

सगळ्यात वर शिल्लक: ठरलेले २०, मागच्या महिन्याचे शिल्लक २, वापरलेले १३.५, उरले ८.५. मागचे तास किती दिवस चालतील ते करारातच ठरवा; नाहीतर पावसाळ्यात साठलेले तास डिसेंबरच्या गर्दीत एकदम मागितले जातात. १५ तास झाले की मेसेज टाका.

क्लायंट लंडनचा असेल तर टाइमझोन जुळवा. पणजीत १ तारखेला पहाटे १ वाजता केलेलं काम तिथे मागच्या महिन्यात पडतं, आणि दोघांच्या बेरजा जुळत नाहीत.