पोडियाट्रीला जायचंय, पण हातांची खात्री वाटत नाही: अर्ज भरण्याआधीची तयारी

पावलांच्या आणि घोट्यांच्या उपचारांचं हे क्षेत्र आवडलंय, पण आपले हात इतक्या बारीक कामाचे नाहीत अशी धाकधूक आहे, तर आधी ती धाकधूक नेमकी काय आहे ते कागदावर लिहा. ‘माझ्या हातात कौशल्य नाही’ या वाक्यातून काहीच कळत नाही. हात कापतो का? पकड लवकर दमते का? बोटांच्या टोकांना कमी जाणवतं का? अंगठ्याच्या मुळाशी दुखतं का? की शाळेत चित्रकला आणि हस्तकलेत मार्क पडायचे नाहीत, एवढंच? शेवटचं कारण असेल तर ते आत्ताच खोडा. घट्टा तासायला चित्रकार लागत नाही.

मग काम प्रत्यक्ष बघून या. एखाद्या पोडियाट्रिस्टची परवानगी काढून निदान एक सकाळ तिथे बसा, आणि बसलात की ब्लेडकडे बघत राहू नका, करंगळीकडे बघा. घट्टा किंवा कुरूप काढताना साधारणपणे स्काल्पेलच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चाकूच्या, तीन नंबरच्या दांड्यावर दहा किंवा पंधरा नंबरचं ब्लेड लावतात. एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने पातं जवळजवळ आडवं ठेवून पातळ पापुद्रे काढत जायचे. या सगळ्या वेळात पातं धरलेल्या हाताची करंगळी किंवा तळहाताची कड रुग्णाच्या पावलावर टेकलेली असते. रुग्णाने पाय झटकला तर हातही पायाबरोबर सरकतो. अधांतरी धरलेला हात कोणाचाही हलतो. टेकवलेल्या हाताची थरथर बरीचशी तिथेच विरते. ही टेकवण्याची सवय शिकवून येते. ती जन्मजात असावी लागते, हा समज बहुतेकांची उगाच झोप उडवतो. दुसऱ्या हाताचं महत्त्वही तिथेच कळेल: कातडी नीट ताणली नाही, तर पातं कितीही धारदार असलं तरी अडखळतं.

हात कापत असतील तर हा भाग घाईने उरकू नका. थोडी थरथर प्रत्येकाच्या हाताला असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा, आणि ती सहसा दिसतही नाही. कॉफी, जागरण, धास्ती, दम्याचं साल्ब्युटामॉल, वाढलेलं थायरॉईड यांनी ती दिसण्याइतकी वाढते. म्हणून चांगली झोप झालेल्या दिवशी, कॉफी न घेता, कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं एक वर्तुळाकार वळण काढून बघा, उजव्याने आणि डाव्यानेही. रेघ तरीही दातेरी येत असेल, घरात आणखी कोणाचे हात कापत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. कामाच्या वेळी वाढणाऱ्या आनुवंशिक कंपावर प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं आहेत. ती कोणाला चालतील हे मात्र डॉक्टरनेच ठरवायचं. निदान हातात येईपर्यंत करिअरचा निर्णय लांबवलात तर काही बिघडत नाही.

पकडीबद्दल लोक कमी बोलतात. माझ्या मते थरथरीपेक्षा तिची काळजी जास्त करावी. जाड झालेली नखं निपरने, म्हणजे नखं कापायच्या पकडीने, कापायला अंगठ्याच्या मुळावर जोर येतो, आणि तो दिवसभर, रोज येतो. जोडसांध्याचे निपर आणि नखं घासायचं मशीन असलं की जोर बराच कमी लागतो, पण संपत नाही. त्यामुळे स्प्रिंगचं कुठलंही मजबूत हत्यार घेऊन काही वेळ जाड पुठ्ठा कापा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा काय म्हणतो ते बघा. मूळ दुखत असेल तर हातांवर काम करणाऱ्या थेरपिस्टकडे जा. तिथेच पर्ड्यू पेगबोर्डची चाचणी मिळाली तर करून घ्या. 1948 मध्ये जोसेफ टिफिन यांनी ती कारखान्यांत माणसं निवडण्यासाठी बनवली. तीस सेकंदांत भोकांत किती खिळे बसवता ते त्यात मोजतात. दोन हातांतला फरक त्यातून छान कळतो. पोडियाट्री जमेल की नाही, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

स्पर्शाची परीक्षा घरच्या माणसाच्या पावलावर होते. पावलाच्या वरच्या बाजूची नाडी आणि आतल्या घोट्यामागची नाडी, दोन्ही सापडतात का बघा. लगेच नाही सापडल्या तर घाबरू नका, अनुभवी माणसंही डॉप्लरची, म्हणजे ध्वनिलहरींनी नाडी ऐकवणाऱ्या यंत्राची, मदत घेतात. मधुमेही पावलाची संवेदना तपासायचा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट तर वाकेपर्यंतच दाबायचा असतो, म्हणजे जोर किती हे हात नाही, तो धागाच ठरवतो. या कामात अशा बऱ्याच तपासण्या आहेत.

घरच्या सरावासाठी स्काल्पेल आणू नका. मापाचे हातमोजे घाला, सैल मोज्याचं टोक दुमडतं आणि दोष हाताला लागतो. मग चिमट्याने मणी उचलून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाका, दोऱ्याच्या गाठी मारा, दोन्ही हातांनी. पहिल्या दिवशीचा वेग मोजण्यात अर्थ नाही. काही आठवड्यांत हात बसतो का ते बघा. डावखुऱ्यांना स्काल्पेल आणि निपर चालतात, पण कात्री आणि सुई धरायचा चिमटा बहुधा उजव्या हाताचा असतो, ती हत्यारं वेगळी मागवावी लागतात.

शिकणार कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत पोडियाट्रीच्या चार वर्षांच्या पदवीनंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, असते आणि तिच्यात शस्त्रक्रिया भरपूर, ती टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. तिच्यात बोटाला भूल देणं आणि आत वाढलेल्या नखाची कड काढून मुळाला फिनॉल हे रसायन लावणं येतं, हाडांच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण मात्र पुढे वेगळं घ्यावं लागतं. हाताची अडचण खरी निघाली, तर हा फरक फार मोठा आहे.

सगळ्यात शेवटी महाविद्यालयाला पत्र लिहा, आणि फोनवर भागवू नका. विद्यार्थ्याकडून कोणत्या शारीरिक क्षमता अपेक्षित आहेत, रुग्णाला हात लावण्याआधी सराव किती तास होतो, डाव्या हाताची हत्यारं मिळतात का, सराव कमी पडला तर जास्तीचा वेळ मिळतो का, हे विचारा. निदान झालेलं दुखणं असेल तर सवलतींचंही विचारा. अमेरिकेत 1990 च्या अपंगत्वविषयक आणि ब्रिटनमध्ये 2010 च्या समानतेच्या कायद्याने वाजवी सोय करून देणं संस्थांवर बंधनकारक आहे. उत्तर मोघम आलं, तर तेच प्रश्न आणखी एका संस्थेला पाठवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा.